खिळ्यावरची किल्ली

बेळ्ळंदूर, बेंगळूर
१४ जुलै १९९६

दादा,

लुना सुरू झाली की चोक लगेच बंद करायचा की थोडा वेळ तसाच ठेवायचा? एवढं सांग. बाकी काही नाही सांगितलंस तरी चालेल, सवय आहे आम्हाला.

मथुरामावशीचा नागपूरचा पत्ता आईच्या डबीतून उतरवून घेतलाय. आई तुला एसटीडी बूथवरून फोन करते हे मला कधीचं माहीत आहे. भाजीला म्हणून जाते आणि दीड तासाने दोन लिंबं घेऊन परत येते. बाबांना कळत नाही असं तिला वाटतं. मला तेवढी खात्री नाही.

तर बातमी अशी, की तू गेल्यापासून जिन्याखाली धूळ खात पडलेली लुना बाबांनी बाहेर काढली. मी सोळाची झाले, दहावी होऊन पीयूसीला लागले, पन्नास सीसीचं लायसन्स मिळालं. कॉलेज कोरमंगलाला, तुझंच. बाबांनी स्वतः टायर बदलून आणले. मी आनंदाने नाचायला लागले तेवढ्यात म्हणाले, "वेदिका, बस. नियम समजून घे."

नियम तुला तोंडपाठ असेल. पंचाहत्तर टक्के हजेरी आणि साठ टक्के मार्क. दोन्हींतलं काहीही खाली आलं की लुनाला साखळी आणि साखळीला कुलूप. किल्ली दिवाणखान्यात खिळ्यावर, सगळ्यांना दिसेल अशी, आणि आकडा वर येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. "ह्याला फीडबॅक म्हणतात," बाबा म्हणाले, "विमानसुद्धा ह्याच्यावरच उडतं." लॅबमध्ये विमानांचे कंट्रोल बनवणारा माणूस, तो आणखी काय बोलणार! कपाटाच्या दाराला आतून ग्राफपेपर पण लागला. खिळा तोच, तुझ्या वेळचा.

मला एक विचारायचं होतं. तू कॉलेज बुडवून जायचास कुठे? खरंच विचारतेय, टोमणा नाही. आपल्याकडे तुझी गोष्ट एका वाक्यात सांगतात: शंतनू लुनावर हुंदडला, हजेरीचं शॉर्टेज आलं, परीक्षेला बसू दिलं नाही, आणि बोलणी खाऊन नागपूरला निघून गेला. मी तेव्हा नववीत होते, मला खोलीत जाऊन अभ्यास कर म्हणाले होते. भिंतीला कान लावूनसुद्धा निम्मंच ऐकू आलं. हुंदडला म्हणजे नेमकं कुठे, हे कुणी सांगत नाही. बेंगळुरात हुंदडायला तसं आहे तरी काय?

चोकचं विसरू नकोस.

वेदिका

---

२५ ऑगस्ट १९९६

दादा,

तुझं कार्ड आलं. धन्य! "चोक लगेच बंद कर. प्लग पॉलिश पेपरने घास. आईला सांभाळ." एवढ्या मोठ्या कार्डावर तीन वाक्यं, आणि उरलेली जागा काय नातवंडांसाठी ठेवलीस? पण प्लग घासल्यावर गाडी पहिल्या पेडलला उठते. त्याबद्दल थँक्यू.

तू सांगत नाहीस म्हणून मीच शोधायला लागलेय. आधी कब्बन पार्क. तिथे बाकांवर नुसते पेन्शनर, कन्नड पेपर वाचणारे. तिथे तू दहा मिनिटंही टिकला नसतास. मग अल्सूर तलाव. छे, वास. मग परवा कॉलेजला जाताना विमानतळाच्या भिंतीपाशी थांबले. रस्त्याच्या कडेला कणसं भाजत बसलेली बाई असते ना, तिथे. एवढ्यात डोक्यावरून विमान उतरलं, इतकं खाली, की चाकांवरची माती दिसली असती. मी वाकलेच. दुसरं येतंय का म्हणून थांबले, मग तिसरं.

इथेच ना? कबूल कर. नुसतं "हो" लिही, पोस्टाचे पैसे मी देते.

पहिला तास बुडाला, हे खरं. पण फिजिक्सचा होता, आणि मी विमानच बघत होते, म्हणजे फारसं नुकसान नाही. सिद्धीला, म्हणजे माझ्या मैत्रिणीला, पण एकदा घेऊन गेले. ती पुण्याहून नवीन आलीय, वडील सॉफ्टवेअरमध्ये, राहायला कॉलेजच्या मागच्याच गल्लीत. तिला बेळ्ळंदूर म्हणजे बेंगळूर वाटतच नाही. "तुम्ही गावाला राहता का गं?" म्हणते. मी म्हटलं, हो, आमच्या दारात तळं आहे आणि बाबांच्या लॅबवाल्यांनी सोसायटी काढून तिथे प्लॉट घेतले, स्वस्त होते म्हणून.

बाबा बरे आहेत. लॅबची बस कोपऱ्यावर येते, ते तिच्या आधी जाऊन उभे असतात, छत्री घेऊन, ऊन असो नसो. त्या बसवर लोकं घड्याळ लावतात.

वेदी

---

६ ऑक्टोबर १९९६

दादा,

विशेष काही नाही. सहामाही झाली. गणित चांगलं गेलं, कन्नड बरं गेलं. केमिस्ट्रीत स्वल्प गडबड झाली. दिवाळीला चिवडा पाठवणार आहे आई, मावशीच्या नावाने, पण जाडे पोहे तुझ्यासाठीच घातलेत.

किल्ली सध्या खिळ्यावर आहे. आता विचारूच नकोस. मार्क चोपन्न टक्के. आणि हजेरी एक्काहत्तर, कारण मला विमानतळाच्या भिंतीचा नाद लागला. चूक माझीच आहे, मी नाही म्हणत नाही. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडतच नाहीत. त्यांनी साखळी लावली, कुलूप दोनदा ओढून पाहिलं, किल्ली टांगली, ग्राफवर ठिपका काढला आणि म्हणाले, "वर आण. मिळेल." जेवताना आईने एकदा माझ्याकडे आणि एकदा तुझ्या खुर्चीकडे पाहिलं. ती खुर्ची अजून टेबलालाच आहे.

उद्यापासून बस. महिनाभरात आकडा वर आणते की नाही बघ. मी काय तुझ्यासारखी आहे?

वे.

---

१ डिसेंबर १९९६

दादा,

ते शेवटचं वाक्य खोडून टाक. आत्ता टाक, मग पुढे वाच.

महिना नाही, दोन होत आले. हजेरी वर जायचं नाव नाही, खालीच चाललीय, आणि मी एकही तास मुद्दाम बुडवलेला नाही. आईची शपथ. सकाळी अंधुक असतानाच तळ्याकडच्या स्टॉपवर जाऊन उभी राहते. पहिली बस येते ती वरच्या खेड्यांमधून फुलवाले आणि भाजीवाले कोंबून. ती थांबतच नाही. मी हात करते, ड्रायव्हर पण हात करतो, मागची येतेय म्हणून. मागची बस म्हणजे देवाची मर्जी. रिंग रोड होणार म्हणून सगळं खणून ठेवलंय, त्यात आता लोकांनी नाचणीची ताटं रस्त्यावर पसरलीत, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांखाली मळून निघावीत म्हणून. बस त्यावरून अशी जपून जाते, जणू हिच्याच घरचं धान्य आहे. ऑटोवाल्याला आपला पत्ता सांगितला की "बरल्ला", येणार नाही, म्हणून तोंड फिरवतो.

आणि कॉलेजचं गेट तुला माहीतच आहे. घंटा झाली की बंद. दुसऱ्या तासाला उघडणार. ह्या टर्मला पहिला तास रोज गणिताचा. मी, जी गणितात वर्गात पहिली, तिची गणिताची हजेरी साठच्या खाली! गणिताच्या मॅडम मला ओळखेनाशा झाल्यात.

आता ऐक. स्टॉपपाशी चहाची टपरी आहे ना गुंडण्णाची, तो परवा म्हणाला, "बस्सु होय्तु अक्का," गेली बस. मी बॅग आपटली आणि रडायलाच लागले. तो घाबरला बिचारा. चहा देत म्हणाला, "तुझा अण्णाही असाच उभा असायचा. इथे फळीवर बसून गणितं सोडवायचा. तो पण बॅग आपटायचा."

अण्णा म्हणजे तू, दादा. मी तो चहा थंड केला. घरी सगळे म्हणतात शंतनू लुनावर हुंदडला. अरे, पण लुनाला तर कुलूप होतं! किल्ली तुझी गणपतीच्या आधीच गेली होती, ते मला पक्कं आठवतं, कारण मोदकाच्या दिवशी मी ती खिळ्यावर बघितली होती आणि आई म्हणाली होती, हात लावू नकोस. मग तिथून मार्चपर्यंत तू हुंदडलास कशावर? साखळीवर?

म्हणजे आधी तू भिंतीपाशी विमानं बघितलीस, माझ्यासारखीच. चार-आठ दिवस बघितली असशील. त्यापायी किल्ली गेली. आणि त्यानंतरचं सगळं ह्या बसने केलं. बरोबर आहे की नाही?

आणि मग तू सांगितलं का नाहीस? हे मला कळत नाही. आईला विचारलं. ती कणीक मळत होती, तशीच थांबली. म्हणाली, "सांगितलं होतं गं त्याने. एकदा जेवताना. बाबा म्हणाले, बस सगळ्यांनाच असते, वेळेवर निघायला शिक. त्यानंतर त्याने पुन्हा नाही सांगितलं."

दोन वर्षांत हे मला कुणी बोललं नाही. मला तुझा राग येत होता रे. मी नववीत होते आणि तू मला न सांगता गेलास, म्हणून मी तुझी कॅसेटची पेटी वरच्या माळ्यावर फेकून दिली. आज उतरवून पुसून ठेवली.

वेदी

---

१९ जानेवारी १९९७

दादा,

मनीऑर्डरवाल्या कागदाच्या खालच्या जागेत तू "हो. भिंत तीच." एवढं लिहिलंस, ते मी कंपासात ठेवलंय. मनीऑर्डर कशाला पाठवलीस? ऑटोला म्हणे! ऑटो येत नाही हे मी लिहिलं होतं ना? आईने त्यातून तुला स्वेटर विणायला घेतलाय.

आता घरात काय झालंय ते सांगते. शुक्रवारी कॉलेजातून बाबांना बोलावणं आलं. हजेरी चौसष्ट. शॉर्टेजवाल्यांना मार्चमध्ये बसू देणार नाहीत, वर्ष गेलं. आतापासून सगळे तास भरले तर काठावर पंचाहत्तर होतात, एखाद्या तासापलीकडे चुकवून चालणार नाही. बाबा प्रिन्सिपॉलसमोर ताठ बसून होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "पुन्हा तेच." एवढंच. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला वाटलं माझ्याशी नाही, दुसऱ्याच कुणाशी बोलतायत.

रात्री जेवायला बसलो. मी ठरवलंच होतं. म्हटलं, "बाबा, तुमचा लूप उलटा लागलाय."

"काय?"

"तुम्ही म्हणता ना, फीडबॅकने चूक कमी होते? इथे वाढतेय. हजेरी घसरली की किल्ली जाते. किल्ली गेली की मी बसने जाते. बसने गेलं की पहिला तास जातो. पहिला तास गेला की हजेरी आणखी घसरते, आणि किल्ली आणखी लांब जाते. तुमच्या विमानाला असं जोडलं तर ते खाली येईल का वर जाईल?"

आईने वाढता वाढता डाव हवेतच धरला. मला वाटलं आता ताट सारून उठतील. पण बाबांच्या कपाळावर आठ्या नाही पडल्या, डोळे बारीक झाले. लॅबचं काहीतरी अडलं की होतात ना, तसे. म्हणाले, "बस वेळेवर निघाल्यास मिळत नाही, हे तू गृहीत धरतेस. त्याचा पुरावा?"

मी म्हटलं, "तुम्ही कधी बसला आहात त्या बसमध्ये?"

आणि दादा, ते नाही म्हणाले. कधीच नाही! ह्या घरात आलो तेव्हापासून लॅबची बस कोपऱ्यावर येते आणि त्यांना घेऊन जाते. रविवारी आपण जातो तेव्हा दुपारची रिकामी बस असते. सकाळची त्यांनी बघितलेलीच नाही. आमच्यावर नियम केला, ग्राफ काढला, पण स्टॉपवर एकदाही उभे राहिले नाहीत.

बराच वेळ भात कालवत बसले. मग म्हणाले, "ठीक. सोमवारी मी येतो तुझ्याबरोबर. न बघता बोलायचं नाही."

आई म्हणाली, "अहो, तुमची लॅबची बस चुकेल."

"एक दिवस चुकू दे. कॉलेजच्या गेटावरून पुढे जाईन. वेळेत पोचेन."

वेळेत पोचेन म्हणतात! उद्या सोमवार. मला झोप येणार नाही. बस लवकर आली तर काय करू? आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला मागतेय की बस उशिरा येऊ दे. आणि तशी आली, की माझा तास पुन्हा बुडणार. काय मागावं तेच कळत नाही.

वेदी

---

२१ जानेवारी १९९७

दादा,

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

काल आम्ही दोघं स्टॉपवर. बाबा छत्री, डबा, इस्त्रीचा शर्ट. पहिली बस आली. त्यांनी छत्री आडवी धरली, लॅबच्या बसला धरतात तशी. बस धूळ उडवत गेली. बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना कळेचना की एखादी बस छत्री बघूनही थांबत नाही. गुंडण्णाने चहा दिला, बाबांनी त्यांच्या त्या पुस्तकी कन्नडमध्ये आभार मानले, आणि विचारलं, पुढची केव्हा? गुंडण्णा म्हणाला, "बरुत्ते सार." येईल. केव्हा, ते नाही बोलला.

आली ती भरून वाहत. बाबा पायरीवर, मी त्यांच्या काखेखाली. नाचणीवरून जाताना सगळे एका बाजूला कलले, बाबांच्या चपलेचा अंगठा तुटला. उतरल्यावर ते पळाले दादा. खरंच, छत्री काखेत धरून, चप्पल फरफटत. मी बाबांना पळताना कधी पाहिलं नव्हतं.

गेट बंद. बाबा वॉचमनला म्हणाले, "मी पालक आहे." तो म्हणाला, "सरी सार, बरोबर आहे, पण बेल झाली." बाबा गजाला धरून आत बघत उभे राहिले. वर गणिताच्या वर्गातून हजेरी ऐकू येत होती. माझं नाव आलं. कुणी ओ दिली नाही. मॅडम पुढे गेल्या.

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे रोज?" मी म्हटलं, जवळजवळ. ते तसेच चप्पल ओढत लॅबला गेले.

संध्याकाळी आले, पाय धुतले, जेवायला बसले आणि घास हातात घेऊन म्हणाले, "एकवीस वर्षांत पहिल्यांदा मस्टरवर माझ्या नावापुढे लाल खूण झाली." आईने त्यांना पाणी दिलं. "साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, बस मिळाली नाही. ते हसले. म्हणाले, उपेंद्र, हे कारण मुलं देतात."

मग बाबांनी घास ताटात ठेवला. तुझ्या खुर्चीकडे बघत होते. डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसलंही नाही. आई उठून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. मला खोलीत जा म्हणून कुणी सांगितलं नाही.

थोड्या वेळाने उठले, खिळ्यावरची किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. मी विचारलं, "आणि नियम?" म्हणाले, "हजेरी भरायची, मार्क आणायचे, तो आहेच. किल्ली त्यात जोडायची नव्हती. आणखी काय जोडायचं ते बघावं लागेल. मला आत्ता माहीत नाही." बाबांच्या तोंडून "मला माहीत नाही" ऐकलंयस तू कधी? आज सकाळी माझ्या आधी लुनाचा प्लग घासत बसले होते. मी घंटेच्या आधी वर्गात होते. मॅडमनी नाव घेतल्यावर इतक्या जोरात "येस" म्हटलं की सगळे हसले.

आता मुद्द्याचं. मी आज दप्तर भरत असताना बाबा दाराशी आले. म्हणाले, "तू शंतनूला लिहितेस ना?" त्यांना सगळं माहीत होतं, फोनचंसुद्धा. मी हो म्हटलं. त्यांनी दाराची कडी उघडली, लावली, पुन्हा उघडली. मग म्हणाले, "त्याला माझं एक विचार. त्या वर्षी, त्याच्या वेळी, बस किती वाजता यायची?"

मी म्हटलं, "बाबा, आता विचारून काय उपयोग?"

म्हणाले, "उपयोग नाही. तेव्हा विचारायचं राहिलं."

म्हणून विचारतेय दादा. उत्तर मला लिहू नकोस, त्यांना लिही. नाहीतर असं कर, कार्ड वाया घालवू नकोस, येऊनच सांग. स्वेटर होत आलाय. कुठल्या गाडीने निघतोस तेवढं कळव, बाबा स्टेशनवर येणार आहेत. रिक्षा मिळणार नाही, बसनेच येईन म्हणतात. मी सांगितलंय, मग आदल्या दिवशीच निघा.

तुझी,
वेदी